बर्फाच्या फळीवरचा नवरदेव

"ही इस्त्रीची फळी आहे का हो?" आईने विचारलं.

कार्यालयाच्या दारात टेम्पो उभा होता आणि अभिजातदादा त्यातून एकेक वस्तू अशा काही हळुवारपणे उतरवून घेत होते, की आत जणू कुणाची तान्ही बाळं झोपलीत. लांबलचक, दोन्ही टोकांना वर वळलेल्या, भडक रंगांच्या फळ्या. काही अख्ख्या, काही मध्येच कापलेल्या. उद्या माझं लग्न होतं आणि मुलाकडची मंडळी वऱ्हाडाच्या आधी लाकडं घेऊन पोचली होती.

"नाही हो काकू," अभिजातदादा हसले. "हा स्नोबोर्ड आहे. दोन्ही पाय याच्यावर बांधायचे आणि बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली यायचं."

"मुद्दाम?" आईने विचारलं.

आईचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्या पेणमध्ये बर्फ पाहायचा तो मासळीच्या खोक्यात. मी शाळेत भूगोल शिकवायचे, हिमनद्या फळ्यावर काढून दाखवायचे, पण मीसुद्धा स्नोबोर्ड म्हणून जी वस्तू असते ती प्रत्यक्ष पाहिली नव्हती. आता इतक्या वर्षांनी कुणी विचारलं, तर ती वस्तू मी डोळे मिटून काढून दाखवीन.

अभिजातदादा म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, निहारचे, थोरले भाऊ. चौबळांच्या घरात वडील नव्हते, त्यामुळे दादा म्हणतील ती पूर्व दिशा. ते स्वित्झर्लंडला असायचे. तिथे लोक दर वर्षी जुने बोर्ड टाकून देतात आणि नवे घेतात, हे पाहून त्यांच्या जिवाची म्हणे तगमग व्हायची. मग त्यांनी ते टाकलेले बोर्ड गोळा करून त्यांची बाकडी, टेबलं, शेल्फं करायचा उद्योग काढला. उद्योगाचं नाव 'पुनर्जन्म'. आणि या 'पुनर्जन्मा'चा भारतातला पहिला कार्यक्रम म्हणजे माझं लग्न.

"याला अपसायकलिंग म्हणतात," ते उल्हासमामाला म्हणाले.

"सायकली तर कुठे दिसत नाहीत," मामा म्हणाला.

"मामा, पृथ्वीवर कचऱ्याचा किती भार झालाय, कल्पना आहे तुम्हाला? आपण प्रत्येकाने तो थोडा थोडा कमी करायला हवा."

तर भार कमी करण्यासाठी या फळ्या आल्प्समधून रेल्वेने बंदरावर, बंदरावरून बोटीने मुंबईला, मुंबईहून ट्रकने पुण्याला आणि पुण्यात करवतीखालून जाऊन टेम्पोने पेणला आल्या होत्या. त्या नीट कापल्या जातायत ना हे बघायला दादा मध्ये दोनदा विमानाने येऊन गेले होते. मामाने हे सगळं ऐकून घेतलं आणि भक्तिभावाने हात जोडले.

फळ्यांचं काय काय केलं होतं म्हणता! अख्ख्या फळ्या उभ्या करून बोहल्यामागे कमान होणार होती. एका तुकड्यावर आमची नावं कोरली होती. आहेर ठेवायला एक ताट होतं, त्याच्या लोखंडी कडेला आईचं नवं लुगडं अडकून पहिल्याच झटक्यात फाटलं. आणि सगळ्यात शेवटी, मऊ कापडात गुंडाळलेले, निघाले दोन पाट. मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरी उभी राहतात ते.

निहारच्या पाटावर कवटी होती. दात विचकून हसणारी, तोंडात गुलाब धरलेली. माझ्या पाटावर लाळ गळणारा लांडगा होता.

आई मटकन खुर्चीवर बसली. "अहो, लग्नात कवटी?"

"काकू, ती कला आहे."

"असू दे हो विहीणबाई," निहारची आई म्हणाली. "अभिजातने केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार." हे वाक्य त्या माउलीच्या तोंडी कायम तयार असायचं. अभिजातने घर विकलं तेव्हा, अभिजातने निहारला गाणं सोडायला लावलं तेव्हा आणि आता लग्नात कवटी आणली तेव्हाही.

शेवटी तह झाला. कवटीवर कुंकवाने कमळ काढायचं. लांडग्यावर स्वस्तिक.

मामाने कवटी उलटी करून पाहिली. "पाटाला खाली दोन पट्ट्या असतात. याला नाहीत."

"खिळा ठोकला की बोर्डाचा इतिहासच संपतो मामा."

"पण हा तळाला गुळगुळीत आहे. सरकेल की!"

"सरकण्यासाठीच बनवलाय तो!" दादा अभिमानाने म्हणाले.

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि आमचे पाट घेऊन आला. फणसाचे, काळपट तांबूस, चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेले. आमच्या टिपणिसांच्या घरातली प्रत्येक मुलगी त्यावर उभी राहिलेली. आई त्यावरच उभी राहून या घरात आली, माझ्या दोन्ही आत्या त्यावरूनच गेल्या. ज्या घरी लग्न असेल त्या घरी पाट जायचे आणि पुढच्या लग्नापर्यंत तिथेच राहायचे. बाबा असेपर्यंत ते दर लग्नाआधी त्यांना खोबरेल चोळायचे. बाबा गेल्यावर ते काम मामाने उचललं. चोळून चोळून त्याने पाट असे तुकतुकीत केले होते, की त्यात तोंड दिसावं.

दादांनी पाटावर टिचकी मारली. "लाकूड छान आहे. पण फोटोत फार जुनाट दिसेल हो. याचं घड्याळ मात्र सुंदर होईल."

"म्हणजे परक्यांनी टाकलेली फळी चालते आणि आमचा वापरातला पाट चालत नाही?" मामाचा आवाज चढला.

"वापरातला आहे, तीच तर अडचण आहे ना," दादा शांतपणे म्हणाले. "टाकून दिलेला असता तर गोष्ट वेगळी होती."

निहारही तिथेच उभा होता. तो दोन्ही बाजूंना आळीपाळीने मान डोलावत होता.

निहारबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिने याच्यात पाहिलं तरी काय. तो फार गोड माणूस होता. खरंच गोड. बघण्याच्या कार्यक्रमाला आमच्याकडे आला तेव्हा पोहे संपल्यावर स्वतःची बशी स्वतः विसळून ठेवली. मी म्हटलं मला नोकरी सोडायची नाही, तो म्हणाला बरोबर आहे. मी म्हटलं लग्नानंतर आईकडे लक्ष द्यावं लागेल, तो म्हणाला हो तर. मी हुरळून गेले. मला वाटलं, हा माझं ऐकतो. साखरपुड्यानंतर हळूहळू लक्षात आलं, की हा सगळ्यांचंच ऐकतो. रिक्षावाला म्हणाला मीटर बंद आहे, की हा म्हणायचा असू दे. हॉल दादांनी बदलला, तारीख दादांनी बदलली, आम्ही फिरायला कुठे जायचं तेही दादांनी ठरवलं. दर वेळी निहार माझ्याकडे येऊन म्हणायचा, "मलाही नव्हतं आवडलं गं. पण दादाला कोण सांगणार?"

त्या दुपारी मी त्याला कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या हौदापाशी गाठलं.

"निहार, मला लग्नात दागिना नको, साडी नको. एकच गोष्ट हवी."

"बोल ना."

"उद्या आपण फणसाच्या पाटावर उभं राहायचं. आणि हे दादांना तू सांगायचं. मी नाही, मामा नाही, आई नाही. तू. तुझ्या तोंडाने 'नाही' म्हणायचं."

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून त्याचंही हसू गेलं.

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढीशी आहे म्हणूनच. ही जमली नाही, तर मोठी कशी जमणार? मला भीती वाटते निहार. मी तुझ्याशी लग्न करतेय की तुझ्या दादांशी, तेच मला कळेनासं झालंय. मला उद्या बोहल्यावर चढायच्या आत ते कळायला हवं."

"सांगतो," तो म्हणाला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "शप्पथ. आजच सांगतो."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. सीमांतपूजनाला चांगली हसले-बिसले.

सकाळी हळद लागल्यावर जिन्यात तो भेटला.

"सांगितलंस?"

"विषय काढला."

"काढला म्हणजे?"

"म्हणजे त्याला कळलंय तुला काय वाटतं ते."

"मला काय वाटतं ते नव्हतं सांगायचं. तुला काय वाटतं ते सांगायचं होतं."

"होईल गं वैजू. तू कशाला टेन्शन घेतेस?" आणि खालून दादांची हाक आली, तसा तो दोन दोन पायऱ्या टाकत गेला.

तेवढ्यात मामा तावातावाने वर आला. त्याच्या पांढऱ्या झब्ब्याच्या पाठीवर मेणाचा हा एवढा डाग. झालं होतं असं, की कार्यालयातली इस्त्री दादांनी घेतली होती आणि ते खाली बसून दोन्ही पाटांच्या तळाला मेण पाजत होते. बर्फावर चालणाऱ्या फळीला तसं करावं लागतं म्हणे. भारताच्या हवेत तिचा तळ कोरडा पडतो. मग त्याच इस्त्रीखाली मामाचा झब्बा गेला.

"तुझी आई बरोबर बोलली होती," मामा म्हणाला. "इस्त्रीचाच संबंध आहे, फक्त इथे फळीलाच इस्त्री करतात. वैजू, लोण्यासारखी झालीये गं ती फळी. त्यावर माशी बसली तर ती पण घसरेल."

"आमचे पाट कुठायत?"

"मागच्या खोलीत ठेवलेत. सांगितलं ना त्याने?"

"सांगेल," मी म्हटलं.

मुहूर्ताला मामा मला घेऊन बोहल्यावर आला. समोर अंतरपाट. माझ्या पायाशी लांडगा, कपाळावर स्वस्तिक घेऊन. मागे रंगीत फळ्यांची कमान, एकीवर ज्वाळा, एकीवर ऑक्टोपस. पुढच्या कोचावर निहारची आई, तिच्या शेजारी स्टँडचा पंखा. आणि दादा कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या मध्ये.

मामाने कानात विचारलं, "काय करू? आणू आपले?"

"थांब मामा. अजून वेळ आहे. अंतरपाट दूर व्हायच्या आत तो बोलेल."

मामाने माझ्या लांडग्याच्या कडेवर आपला पाय घट्ट दाबून धरला आणि तसाच उभा राहिला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाखालून मला निहारची पावलं दिसत होती. कमळाच्या आतून कवटीचा एक डोळा बाहेर बघत होता. बोटं आखडून, तळवे चिकटवून तो बिचारा उभा होता. पहिलं कडवं झालं, अक्षता पडल्या. बोल, बोल, मी मनात म्हणत होते. दुसरं कडवं झालं. निहारच्या मित्रांनी मूठ मूठ तांदूळ नेम धरून त्याच्या तोंडावर मारले. 'सावधान' म्हणून गुरुजींनी सूर लांबवला, निहारने तोंड चुकवायला अंग मागे घेतलं आणि फळी लोकांच्या दिशेने सुटली.

पुढचं सगळं फार सुंदर झालं. गुळगुळीत फरशी, तिच्यावर तांदूळ, त्यावर मेण पाजलेली फळी. ती बोहल्यावरून अशी काही गेली, की तिला वाटलं असावं आपण पुन्हा आल्प्समध्ये आलो. गुरुजींनी उडी मारून पाय वाचवले. फळी पायरीवरून उडाली आणि स्टँडच्या पंख्यावर जाऊन आदळली. पंखा निहारच्या आईच्या मांडीत. निहार आधी मागे आपटला, मग सावरायला म्हणून अंतरपाट धरला आणि तो घेऊनच माझ्या पायांपाशी गोळा झाला. मुंडावळ्या कानात, डोक्यावर अंतरपाट.

सभागृहाच्या मागच्या रांगांतून हसू फुटलं ते थांबेचना.

"अरे यार!" दादा ओरडले. "गुडघ्यात वाकायचं असतं निहार! सरळ कसला उभा राहतोस!"

निहारच्या कोपरातून रक्त येत होतं. दादांनी कॅमेऱ्यात पाहिलं. "काही हरकत नाही. हा भाग काढून टाकू. गुरुजी, दुसऱ्या कडव्यापासून पुन्हा घेऊ या. निहार, चढ."

"अहो, मुहूर्त..." गुरुजी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, पटकन."

कुणीतरी कवटी पुसून आणून ठेवली. कमळ पुसलं गेलं होतं, नुसती कवटी उरली होती. मामा दातओठ खात मागच्या खोलीत गेला. "आता बस झालं. मी पाट आणतो. बघू कोण अडवतंय."

तो लगेच परत आला. रिकाम्या हाताने. मग त्याने खाली वाकून कमानीच्या मागे पाहिलं आणि तिथेच उकिडवा बसला. त्याचा चेहरा बघून मी तिकडे गेले.

कमान पडू नये म्हणून फळ्यांच्या मागे आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. काळपट तांबूस. एका पट्टीच्या टोकाला पितळेचं अर्धं फूल होतं.

"अहो, रात्री कमान डुगडुगत होती," दादा म्हणाले. "ऐनवेळी लाकूड कुठून आणणार? आणि तसे ते पडूनच होते ना. उलट आता त्यांना अर्थ मिळाला."

मामाने तोंडावर हात घेतला. मी कधीच मामाला रडताना पाहिलं नव्हतं. मी निहारकडे गेले.

"तुला माहीत होतं?"

तो कोपर धरून उभा होता.

"निहार, एवढं जाड लाकूड एकट्या माणसाला कापता येत नाही. दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"दादा म्हणाला, धर," तो म्हणाला. "मी धरलं."

गुरुजींनी घाईघाईने अंतरपाट पुन्हा धरला. मी माझ्या जागी गेले. का गेले, मला सांगता येत नाही. भरलेलं सभागृह, पुढे बसलेली आई, फाटकं लुगडं लपवून हसायचा प्रयत्न करणारी. पाय आपोआप गेले. पलीकडे निहार कवटीसमोर उभा राहिला. एक पाऊल त्याने तिच्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग अंतरपाटाच्या कडेने त्याचा कुजबुजता आवाज आला.

"वैजू, मला याच्यावर उभं राहायची भीती वाटतेय गं."

"मग नको राहूस."

"तूच सांग ना दादाला. तुझं ऐकेल तो."

राग नव्हता आला. इतके दिवस जी भीती वाटत होती, तीसुद्धा गेली. नुसतं लख्ख कळलं.

"मी सांगू? आत्ता? इथे?"

"हो, प्लीज."

मी अंतरपाट हाताने खाली केला.

"अभिजातदादा, निहारने मला तुम्हाला सांगायला सांगितलंय."

"बोल ना," दादा म्हणाले. "फक्त जरा कॅमेऱ्याकडे बघून."

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. "नाही."

"काय नाही?"

"हे लग्न होणार नाही."

गोंधळ माजला, हे काय सांगायला हवं? निहारची आई मांडीतला पंखा सोडून उठली. "अगं, एका पाटासाठी कुणी लग्न मोडतं? अभिजातने विचार करूनच..." आणि पहिल्यांदाच तिचं ते वाक्य अर्धं राहिलं. गुरुजी पंचांग चाळू लागले, त्यात यावर काही उपाय आहे का ते बघायला. दादा मला समजावून सांगायला लागले, की मी भावनेच्या भरात आहे आणि माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीने वस्तूंमध्ये असं अडकू नये. हातातल्या फळीवरची धूळ ते रुमालाने पुसत होते.

आई उठून माझ्याजवळ आली. मी तिच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हते. तिने एवढंच विचारलं, "नक्की?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

आईने पदर खोचला आणि आचाऱ्याला हाक मारली, "पानं वाढायला घ्या."

मामाने डोळे पुसले, उभा राहिला आणि बोहल्यावरूनच घोषणा केली, "मंडळी, जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही! अन्न वाया गेलेलं इथल्या पाहुण्यांना चालत नाही, त्यांना पृथ्वीची काळजी असते!" लोक खरोखर जेवायला बसले. काही जणांनी जिलबी परत मागून घेतली, हे मी स्वतः पाहिलं.

मी आतल्या खोलीत मुंडावळ्या सोडत होते. गाठ सुटत नव्हती, आणि आता मात्र मला रडू येत होतं. मला तो माणूस आवडायचा हो. खोटं कशाला सांगू?

दारात निहार आला. कोपरावर कुणीतरी हळद दाबली होती.

"वैजू, तू बरोबर केलंस," तो म्हणाला.

मी चमकून वर पाहिलं. क्षणभर वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. दार लावून घेईल, ओरडेल, भांडेल, निदान मला अडवेल तरी. मी वाट पाहिली. शपथेवर सांगते, त्या घटकेलाही मी वाट पाहिली.

"मग आता मी काय करू?" त्याने विचारलं.

"दादांना विचार," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, तो वळला, आणि खरंच विचारायला गेला.